खाणावळीचा मालक, वय वर्षे चार

मला राग आला की मी लिहीत नाही, बोलतो. पण या वेळी बोलून झालं, दोन-तीन ठिकाणी बोलून झालं, तरी राग काही उतरेना. शेवटी सून म्हणाली, "बाबूजी, आप लिख ही डालिए। घर में शांति तो हो।" सून इथलीच, बुंदेली घरातली. मराठी तिला सगळी कळते, बोलत मात्र नाही. तर लिहितो. माझं शिक्षण चौथीपर्यंत. पुढे रेल्वेच्या वर्कशॉपात हातोडा धरला तो निवृत्त होईपर्यंत. शुद्धलेखन ज्याला तपासायचंय त्यानं खुशाल तपासावं, मजकुरात हात घालू नये.

आमच्या झाशीतल्या मराठी लोकांचं एक मंडळ आहे. गणपती बसवतात, हळदीकुंकू करतात, कोणी गेलं तर चार माणसं जमवतात. या मंडळानं ठरवलं की शहरातल्या जुन्या मराठी घरांचं एक पुस्तक काढायचं. कोण कुठून आलं, कुठे राहिलं, काय करत होतं. चांगली गोष्ट. आमची पोरं घरात हिंदी बोलतात, नातवंडांना तर आजोळ-पणजोळ सांगायला गेलं की मोबाईल आठवतो. पुस्तक हवंच होतं. काम दिलं एका निवृत्त प्राध्यापकाला. माणूस वाईट नाही, हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे मी त्याला बरंच काही बोललोय. लक्ष्मी गेटच्या आतल्या गल्लीत त्यांचं जुनं मोठं घर. त्याच घराच्या खालच्या दोन खोल्या आणि मागचं अंगण आमच्याकडे भाड्यानं होतं. मी तिथेच वाढलो. वर ते, खाली आम्ही.

प्राध्यापकाला कुठूनशी शहराची जुनी डिरेक्टरी सापडली. डिरेक्टरी म्हणजे काय ते मलाही तेव्हाच कळलं. मी लहान असताना शहरातल्या एका छापखान्यानं ती काढली होती, हिंदीतून. त्यांचा माणूस मोहल्ल्या-मोहल्ल्यानं दारोदार फिरला आणि विचारत गेला: घरमालक कोण, बापाचं नाव काय, धंदा काय. ते सगळं छापलं. मागे धंद्यांप्रमाणे याद्या, आणि अगदी शेवटी जाहिराती. केसांचं तेल, सायकलची दुकानं, दमा मुळापासून घालवणारे वैद्य. असलं पुस्तक हाती लागलं म्हणजे प्राध्यापकाला घबाडच मिळालं. त्यानं त्याच्यावरून आख्खं प्रकरण लिहिलं आणि मंडळाच्या बैठकीत वाचायला घेतलं.

आधी दोन पानं त्याच्याच घराण्याची. ठीक आहे, लिहिणाऱ्याचा हात आपल्याकडे वळतोच. त्यात आलं की आजोबांचे एक थोरले बंधू होते, स्वतः शिक्षक, घराचे कर्ते पुरुष. त्यांची स्मृती घराण्यातूनही पुसली गेली होती, ती या डिरेक्टरीमुळे उजेडात आली. "आमच्या घरातली विद्यादानाची परंपरा इथून सुरू होते," असं वाचताना त्याचा आवाज जरा भरून आला. लोकांनी माना डोलावल्या. मीही डोलावली.

मग आलं ते असं. झाशीजवळच्या बबीनाच्या छावणीत महाराष्ट्रातून आलेल्या शिपायांची जेवणाची आबाळ होत असे. ती पाहून या घराण्यानं आपल्या घराच्या तळमजल्यावर अन्नसेवा सुरू केली. ती चालवण्यासाठी एक इसम ठेवला होता. डिरेक्टरीत त्याचं नाव आहे, पण पुढे त्याचा काही माग लागत नाही.

अन्नसेवा! मी उभा राहिलो. गुडघे माझे लवकर सरळ होत नाहीत, पण त्या दिवशी झाले.

"कसली अन्नसेवा? ती खाणावळ होती. आमची."

"काका, बसा ना. वाचून झालं की बोलू."

"आत्ता बोलू. तुमच्या आजोबांनी सेवा केली असेल तर भाडं कशाचं घेत होते?"

मागून कोणीतरी हसलं. प्राध्यापक घाम पुसत म्हणाला, "काका, मी मनानं काही लिहिलेलं नाही. तळमजल्यापुढे भोजनालय असं छापलंय, आणि चालकाचं नाव तुमच्या वडिलांचं नाही. कुठेच नाही. मी पुढून बघितलं, मागून बघितलं. नाही ते मी कसं लिहू?"

"मग ठेवलेला इसम, हे कुठे छापलंय?"

"तो तर्क आहे."

"आमच्या वर्कशॉपात तर्कानं नट बसवला असता तर गाडी रुळावर राहिली नसती," म्हटलं आणि चहा न घेता निघून आलो. चहा सोडल्याचं नंतर वाईट वाटलं, पण परत कसा जाणार.

खाणावळ काय होती ते सांगतो. रविवारी सकाळी बबीनाहून शिपाई यायचे. कोणी सातारचा, कोणी नगरचा, कोणी कोकणातला. आठवडाभर लंगरमध्ये पुरी-भाजी आणि पातळ डाळ खाऊन कंटाळलेले. आमच्या दारात बूट काढले की त्यांची भाषा बदलायची. अंगणात पाट मांडलेले असायचे. ज्वारीची भाकरी, पिठलं, ठेचा, चिंचगुळाची आमटी. ज्वारी आई बघून घ्यायची, दाणा दाताखाली फोडून. जेवण झालं की आपलं ताट आपण घासायचं, हा आईचा नियम. ती म्हणायची, "पलटणीत बंदूक पुसता, इथे ताट पुसा." मोठमोठे मिशीवाले गडी राखेनं ताटं घासायचे आणि एकमेकांना टोमणे मारायचे. आईला सगळे वहिनी म्हणत. आणि दारात खुर्ची टाकून दादा बसलेले. दादा म्हणजे माझे वडील. आल्यागेल्याला राम राम करायचे, पैसे घ्यायचे, कोणाची बदली कुठे झाली ते विचारायचे. माझ्या डोळ्यांपुढे खाणावळ म्हणजे ही खुर्ची आणि खुर्चीतले दादा. आणि हा प्राध्यापक म्हणतो, ठेवलेला इसम.

मी ठरवलं, ती डिरेक्टरी आपण बघायची. शहरातल्या जुन्या वाचनालयात तिची प्रत आहे असं त्यानंच सांगितलं होतं. गेलो. तिथल्या माणसानं मला खालून वर बघितलं.

"बाबूजी, अख़बार उधर है।"

"अख़बार नहीं चाहिए। डिरेक्टरी।"

"कौन-सी? फ़ोन वाली? वो तो अब कोई नहीं देखता।"

मग ती मिळेपर्यंत त्याच्याशी बराच वाद झाला. त्याचं म्हणणं, पानं फाटतील. माझं म्हणणं, मी हातोड्यानं उघडणार नाहीये. शेवटी त्यानं ती आणली आणि माझ्या समोरच स्टूल घेऊन बसला, मी पानं खाईन की काय अशा धास्तीनं.

बारीक अक्षर, कागद पिवळा, शाई कुठे दाट कुठे उडालेली. मी आधी दादांचं नाव शोधलं. आडनावानं शोधलं, नावानं शोधलं, भोजनालयांच्या यादीत शोधलं. नाही. प्राध्यापक खोटं बोलत नव्हता, त्याचाच जास्त राग आला. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. या वेळी शोधायचं सोडलं आणि लक्ष्मी गेटचं पान काढून वरून खाली नुसतं वाचत गेलो. तेव्हा लक्षात आलं की हा माणूस जसा चालला तसं त्यानं लिहिलंय. आधी गेटाच्या आतली दुकानं, मग डावीकडची घरं टोकापर्यंत, मग वळून उजवीकडची. हा तांब्यापितळेचा दुकानदार. हा त्याच्या शेजारचा हलवाई, त्याच्या पेढ्याला वेलची फार असायची. हा शिंपी. ही माणसं मी पाहिलेली होती. एकेक ओळ म्हणजे एकेक उंबरा. बाकी लोक पुस्तक वाचतात, मी त्या दिवशी आमच्या गल्लीतून चाललो, आणि खरं सांगतो, दोनदा डोळे पुसावे लागले. समोरचा माणूस म्हणाला, "धूल है बाबूजी।" मी म्हटलं, "हाँ भैया, धूल ही है।"

मग आमचं घर आलं. वरचा मजला: एक नाव, पुढे बापाच्या जागी नुसती आडवी रेघ, धंदा अध्यापक. खालचा मजला: एक नाव, पुढे रेघ, धंदा भोजनालय. खालचं नाव मी पुन्हा वाचलं. ते दादांचं नव्हतंच. ते माझं होतं. माझं शाळेतलं, पेन्शनच्या कागदावरचं नव्हे. पायात घुटमळणाऱ्या पोराला घरात हाक मारतात तसलं, आईनं ठेवलेलं. या नावानं मला हाक मारणारं आता माझ्या घरात कोणी नाही. बायकोलाही ते ठाऊक नव्हतं, मी कधी सांगितलं नाही.

चार वर्षांचा होतो मी तेव्हा. चार वर्षांचा भोजनालयवाला.

आणि एकदम आठवलं की ते शिपाई मला "मालक" म्हणायचे. "काय मालक, आज आमटीत मीठ कमी!" "मालक, उधारी मिळेल का?" आणि एक तर मला सॅल्यूट ठोकायचा. मला वाटायचं लाडानं म्हणतात. मोठा झालो तसं ते बंद झालं आणि मी विसरलो. त्याचं मूळ इथे छापलेलं होतं, आणि गल्लीत सगळ्यांना ते ठाऊक असणार.

घरी येऊन सुनेला सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. म्हणाली, "तो इसमें इतना ग़ुस्सा काहे का? आप तो मशहूर निकले।"

"मशहूर! माझं नाव आहे म्हणून दादांचं नाही. कोणी लिहिलं माझं नाव?"

"अम्माजी से पूछा होगा। अम्माजी आपके पिताजी का नाम लेती थीं क्या?"

बघा, परक्या घरातली पोर, एका वाक्यात सांगून गेली. आई नवऱ्याचं नाव घेत नव्हती. त्या काळात कोण घेत होतं? मंगळागौरीला, डोहाळजेवणाला उखाण्यात गुंफून घेतील तेवढंच. दारात उभ्या असलेल्या परक्या माणसापुढे नाही. म्हणून मालकाच्या जागी मी. आणि माझ्या बापाच्या जागी रेघ. पण मग वरच्या मजल्यावरही रेघ का, हा किडा माझ्या डोक्यात शिरला. मी पुन्हा वाचनालयात जाऊन गल्लीतली सगळी दक्खिनी, म्हणजे आपली मराठी घरं बघितली. हिंदी घरांतली नावं पुरी, बापासकट. ती माणसं त्या फिरणाऱ्याच्या बाजारातल्या ओळखीची असणार. आमच्या लोकांची घरं आली की नाव आखूड, लाडाचं, आणि रेघ. मराठी घरांमधली पोरंच्या पोरं त्यानं कर्ते पुरुष करून टाकली होती.

मी तडक प्राध्यापकाच्या घरी गेलो. घर आतून बदललंय, खाली आता फरशी आणि मोटारसायकल. त्याला म्हटलं, "तुमचे ते थोरले आजोबा. त्यांचं नाव परत सांगा."

त्यानं सांगितलं.

"हे मोठ्या माणसाचं नाव वाटतं तुम्हाला?"

"काका, पूर्वी अशी नावं असत."

"आणि धाकट्या भावाचं, म्हणजे तुमच्या खऱ्या आजोबांचं नाव का नाही डिरेक्टरीत? तेही मास्तर होते ना?"

"थोरले हयात असताना धाकट्याचं नाव कसं येईल? एकत्र कुटुंब."

सगळ्याला उत्तर तयार. शिकलेल्या माणसाची हीच पंचाईत आहे, त्याला उत्तर नसण्याची सवयच नसते. मी म्हटलं, "तुमच्या आत्या आहेत ना वर? त्यांना विचारलंत?"

"आत्या नव्वदीच्या घरात आहेत. त्यांना त्रास द्यायचा नाही म्हणून..."

"म्हणजे छापखान्याला विचारलं, घरच्या म्हातारीला नाही."

त्यावर तो मला वर घेऊन गेला. त्याच्या आत्या लग्न होऊन ग्वाल्हेरला गेल्या होत्या, नवरा गेल्यावर परत माहेरी आल्या. पलंगावर उशीला टेकून बसलेल्या, कानाला यंत्र. मी वाकून नमस्कार केला आणि कोण ते सांगायला लागलो, तर त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि त्याच नावानं हाक मारली. डिरेक्टरीतल्या. "अरे, तू? किती म्हातारा झालास रे!"

प्राध्यापक दारातच थबकला.

मी डिरेक्टरीचं विचारलं. त्यांना सांगायला सुद्धा लागलं नाही, हसायलाच लागल्या. "तो रजिस्टरवाला! दुपारी आला मेला. पुरुष माणूस एक नाही घरात. आम्ही खाली तुझ्या आईकडे तांदूळ निवडत बसलो होतो. तो दारातून ओरडतो, मालिक का नाम बताइए. तुझी आई दाराआड. म्हणते, घरी नाहीत. तो म्हणतो, घर पे नहीं हैं तो नाम भी साथ ले गए क्या? मी मोठ्यानं सांगणारच होते, बारा-तेरा वर्षांची होते, तर आमच्या आईनं तोंडावर हात दाबला. मुलीनं काय दारावर बापाचं नाव ओरडायचं? तो जाईना. सरकारी माणूस वाटला त्यांना, घाबरल्या. मग तुझ्या आईनं तुला उचलून दाराबाहेर धरलं, म्हणाली, याचं लिहा. त्यानं लिहिलं! मग आमच्या आईलाही धीर आला, तिनं आमच्याकडच्याला पुढे ढकललं. पुढे गल्लीभर हीच युक्ती गेली, त्याच्या आधी पोचली."

"आमच्याकडच्याला म्हणजे कोणाला, आत्या?" प्राध्यापकानं विचारलं. आवाज अगदी बारीक.

"माझ्या भावाला. तुझ्या बाबांच्या पाठच्याला. सहा वर्षांचा होता."

प्राध्यापक खुर्चीत बसला. विद्यादानाची परंपरा सहा वर्षांच्या पोरानं सुरू केलेली. मला हसू यायला हवं होतं, बैठकीतला हिशेब चुकता झाला असता. पण आत्यांचं हसणं थांबलं होतं. त्या म्हणाल्या, "पुस्तक छापून आलं तोवर तो नव्हता. तापात गेला. बाबांनी ते पान बघितलं आणि पुस्तक मिटून ठेवलं. आईला दाखवलंच नाही."

मग मीच बोललो, कारण मी आलो होतो ते काम व्हायचं होतं. "तर आता लिहा. खाणावळ माझ्या वडिलांची होती म्हणून."

आत्या माझ्याकडे वळल्या. "तुझ्या वडिलांची कधी होती रे?"

"म्हणजे?"

"ते तर गरौठ्याला होते. तहसिलीत कारकून. शनिवारी रात्री यायचे, सोमवारी जायचे. खाणावळ तुझ्या आईनं काढली. पहिले शिपाई आले ते आमच्या बाबांनी आणलेले, स्टेशनवर भेटले होते, विचारत होते भाकरी कुठे मिळेल. तुझी आई म्हणाली, मी देते. तुझे दादा आले तेव्हा चिडले होते की परक्या माणसांना घरात जेवायला घालतेस. महिनाभर बोलले नाहीत तिच्याशी. नोकरी सुटली तेव्हा येऊन खुर्चीत बसले. तोवर ती किती वर्षं चालवत होती!"

आयुष्यभर मी म्हणत आलो, आमच्या दादांची खाणावळ. वर्कशॉपात म्हणालो, लग्नात सोयऱ्यांना म्हणालो, बैठकीत उभं राहून म्हणालो. आई चुलीपुढे आणि दादा खुर्चीत, म्हणून खुर्चीवाला मालक. त्या रजिस्टरवाल्याला मी मनात शिव्या घातल्या की मालकीण समोर उभी असून याला दिसली नाही. मलाही कुठे दिसली होती? आणि तिला तरी? मालिक कौन म्हटल्यावर ती दाराआडून म्हणू शकली असती, मी. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही हे ठीक, आपलं घ्यायला कोणी अडवलं होतं? पण ते तिच्या डोक्यातच आलं नाही. पोर उचलून पुढे धरलं. राग इतका आला, आणि कोणावर काढावा कळेना. सगळी माणसं मेलेली.

समोर जिवंत एकटा प्राध्यापक होता. तो कपाळाला हात लावून म्हणाला, "काका, तुमचं सगळं खरं. पण मग या डिरेक्टरीवर विश्वास ठेवण्यात अर्थ नाही. आपल्या लोकांची एकही नोंद सरळ नाही. मी हे प्रकरणच गाळतो. पुस्तकात चूक राहण्यापेक्षा..."

"काय गाळता?"

"लक्ष्मी गेटचं प्रकरण."

"खोटं होतं तोवर छापत होता. खरं कळलं तर गाळता?"

"काका, लोक हसतील! सहा वर्षांचा अध्यापक, चार वर्षांचा भोजनालयवाला..."

"हसू देत. त्या दुपारी घराघरात बायका होत्या. तुमचा तो रजिस्टरवाला त्यांच्याशीच बोलला. सबंध गल्लीची डिरेक्टरी बायकांनी लिहून दिली आणि त्यात बाई एक नाही. हे हसण्यासारखं आहे, तर हेच लिहा. लोकांना पोटभर हसू द्या."

"मंडळ मान्य करणार नाही."

"मंडळाला मी बघतो. मी एकदा चहा सोडलाय, पुढच्या खेपेला जेवण सोडीन."

तेवढ्यात आत्यांनी पलंगाच्या लाकडावर हात आपटला. "गाळायचं नाही." आम्ही दोघंही बघायला लागलो. "त्याचा फोटो नाही. शाळेत घातला नव्हता, तिथेही नाव नाही. मला भाऊ होता हे माझ्यामागे कोण सांगणार? तिथे आहे ना त्याचं नाव छापलेलं? मग राहू दे. अध्यापक काढ हवं तर. का काढतोस? राहू दे तेही. शाळाशाळा खेळायचा, मला उभी करून ठेवायचा."

प्राध्यापक माणूस वाईट नाही असं मी सुरुवातीला म्हटलंय ते यासाठी. त्यानं मान खाली घातली, खिशातून पेन काढलं आणि आत्यांच्या शेजारी बसून लिहायला लागला. कोणत्या घरात कोणतं पोर, कोणाची आई कोण. आत्या सांगत होत्या, मी मध्ये मध्ये चुका काढत होतो, त्या माझ्या चुका काढत होत्या. दुपार तिथेच गेली. आत्यांना एका घरातल्या बाईचं नाव आठवेना, नुसतं "अमक्याची आई" एवढंच यायचं, आणि त्याचा त्यांना इतका त्रास झाला की त्या जेवेनात.

मंडळाची बैठक झाली. एक-दोघांनी कुरकुर केली की समाजाची शोभा होते. मी काही बोलायच्या आत प्राध्यापक बोलला, आणि माझ्यापेक्षा बरं बोलला, हे मला जरा लागलंच. प्रकरण राहिलं.

छापायच्या आधीची पानं वाचायला त्यानं मला बोलावलं. आत्यांच्या खोलीतच बसलो. त्याच्या काकाचं, म्हणजे आत्यांच्या भावाचं नाव होतं, पुढे अध्यापक असं डिरेक्टरीत छापलंय हे होतं, आणि खाली वय. दोन पानांची परंपरा एका ओळीत आली होती, आणि ती ओळ बरी होती. मग आमचं घर. मी बोट ठेवून एकेक अक्षर वाचलं. भोजनालय. चालवणारी म्हणून आईचं नाव. तिचं सासरचं नाव आणि आडनाव. नवऱ्याचं नाव मध्ये घालू का, असं त्यानं विचारलं होतं, तेव्हा मी नको म्हटलं होतं. दादांचं नाव खालच्या ओळीत, तहसिलीतले कारकून, गरौठा, नंतर खाणावळीत मदतीला. दादांना हे आवडलं नसतं. नसतं तर नसतं. माझं नाव कंसात, चार वर्षांचा मालक म्हणून.

वाचता वाचता मी थांबलो. "हे काय लिहिलंय? 'घरगुती स्वरूपाची' खाणावळ?"

"काका, तशीच होती ना? घरातच..."

"बबीनाची निम्मी पलटण तिच्या पाटांवर बसून उठली. पहाटे उठून पीठ मळायची ती बाई, हाताला घट्टे पडले होते. माझ्या हातोड्यानं मला नाही पडले तसले. तुमचे आजोबा घरात बसून मुलांना शिकवायचे, त्याला घरगुती शिकवणी म्हणालात का कुठे?"

मी त्याचं पेन घेतलं. चौथीपर्यंत शिकलेल्या माणसाची रेघ सरळ येत नाही, पण तो शब्द खालून दिसणार नाही अशी जाड मारली. मग आत्यांना वाचून दाखवलं, मोठ्यानं, कानाच्या यंत्राजवळ तोंड नेऊन. त्या म्हणाल्या, "आता बरोबर. पुन्हा एकदा वाच." मी पुन्हा वाचलं.